दवाईबाई आणि बिनचूक चिठ्ठी

खोटी चिठ्ठी दवाईबाईंना वासावरून कळते, असं दारव्ह्यात लोक बोलत. ते अर्धं खरं होतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलेला कागद हातात आला की बाई तो आधी नाकाशी नेत आणि मग डोळ्यांशी. खेड्यातून पहिल्यांदाच आलेला माणूस दोन पावलं मागे सरकायचा. ही बाई आता कागद हुंगून पेशंटचं आयुष्य सांगणार, असं त्याला वाटायचं.

वास कशाचा, ते मला पुढे कळलं. दारव्ह्याचे डॉक्टर तपकीर ओढत. त्यांच्या टेबलावर, बाहीवर, पॅडच्या पानापानांवर तपकिरीची पूड असे. बाई म्हणत, "ज्या चिठ्ठीनं शिंक येत नाही, ते चिठ्ठी दोनदा वाचाची."

मी साताऱ्याकडची. विदर्भ मुंबई राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी दारव्ह्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला गेले. एकट्या तरुण बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. कुणी माझ्या आईवडिलांबद्दल विचारी, कुणी लग्नाबद्दल, कुणी सरळ जात विचारी. बाजारातल्या औषधाच्या दुकानावर एक माडी रिकामी आहे असं कळलं म्हणून मी तिथे गेले. काउंटरमागे एक उंच, धिप्पाड, पन्नाशीची बाई खलात काहीतरी घोटत होती. माझं बोलणं पुरतं न ऐकताच तिनं विचारलं, "तुमाले आजार कोणकोणते हायेत?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"काहीच नाही म्हणते!" खल थांबला. "जीभ दाखवा."

मी जीभ दाखवली. बाईंनी ती दिव्याच्या काचेसारखी निरखली, चहा कमी प्या म्हणाल्या, आणि माडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाड्याचं बोलणं नंतर कधीतरी झालं.

शाळेतल्या एका बाईंनी मला दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, त्या बौद्ध आहेत, माहीत आहे ना? छप्पन साली नागपूरला जाऊन धर्म बदलून आल्यात." मी म्हटलं, माहीत आहे, भिंतीवर तसबीर आहे. तसबीर होतीच, पण तिच्या शेजारी काचेच्या चौकटीत बाईंचं औषधशास्त्राच्या नोंदणीचं सर्टिफिकेट होतं आणि रोज सकाळी दोन्ही काचा एकाच फडक्यानं, सारख्याच भक्तीनं पुसल्या जात. नागपूरच्या एका मिशन हॉस्पिटलात त्या मुलगी असताना भांडी धुवायला लागल्या होत्या. तिथल्या जुन्या कंपाउंडरच्या हाताखाली औषधं बनवायला शिकल्या, वर्षानुवर्षं ते काम केलं, आणि पुढे कायदा झाला तेव्हा परीक्षकांसमोर उभं राहून रीतसर नाव लावून घेतलं. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. "सवड नाही भेटली," म्हणाल्या. त्यात दुःख नव्हतं. खरोखरच सवड मिळाली नाही असाच तो सूर होता.

दुकान उघडलं तेव्हा सुरुवातीला काही गिऱ्हाइकं त्यांच्या हातून काही घेत नसत. बाटली टेबलावर ठेवा, आम्ही उचलतो, असं म्हणत. बाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी एक नियम काढला. "औषध हातातूनच घ्या लागते. टेबलावरून उचललं तं गुण येत नाही." आणि हे इतक्या गंभीरपणे, डोळे बारीक करून सांगत, की पुढे कुणाची हिंमत होत नसे. घरी मूल तापानं फणफणलेलं असताना कोण परीक्षा पाहणार? माणसं हात पुढे करत, बाई त्या हातात बाटली ठेवत आणि वर आपल्या हातानं त्यांची मूठ मिटवत. मी तिथे गेले तोवर तो नियम सगळ्या गावाचा झाला होता. आंघोळ करून सोवळ्यात राहणारी एक म्हातारी तर "हातातूनच दे वं बाई, नाही तं लागू पडत नाही," असं स्वतःहून म्हणायची.

बाई प्रत्येक मिश्रण स्वतः चाखून पाहत. कडू झालं नसेल तर त्यात काहीतरी निरुपद्रवी कडू घालत. "गोड औषधावर लोकाचा भरोसा नसते." पावसाळा असो वा उन्हाळा, बाहेर जाताना काळी छत्री घेत, पण ती उघडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. ती बोटाऐवजी काही दाखवायला असे. बाटल्यांशी बोलत. एखादी बाटली रिकामी व्हायला आली की तिला, "थांब नं वं दोन दिवस, माल येऊन राह्यला," असं समजावत.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे दुकानातला बाक.

आमच्याकडे दारूबंदी होती, आणि औषधी टिंक्चरांत दारूचा अंश असतो हे पिणाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून खोट्या चिठ्ठ्या येत. खऱ्या चिठ्ठीवरचा आकडा ब्लेडनं खरवडून वाढवलेला असे, किंवा कुठूनतरी कोरा कागद मिळवून डॉक्टरांची सही गिरवलेली असे. रिकाम्या दुपारी बाई मला त्यांतल्या खुणा दाखवत. खरवडलेल्या जागी शाई कशी फुटते, उजेडात धरलं की कागद तिथे कसा विरळ दिसतो. वाटेतली दुकानं सोडून दूरच्या गावाहून माणूस इथवर का आला, हे विचारायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'ही म्हणायचं नाही. 'बसा' म्हणायचं.

"बसा म्हणलं की कळते. खऱ्या पेशंटच्या माणसाले घाई असते, पण तो बसते. खोटा म्हणते मले काही घाई नाही, अन् बसत नाही."

"आणि चिठ्ठी परत दिली तर?"

"देऊन कसं चालते? ते मंग दुसऱ्या दुकानात जाते. अन् तिथं कोणी हुंगत नाही."

एकदा एक टोपीवाला गृहस्थ आल्याच्या टिंक्चरची मोठी बाटली लिहिलेली चिठ्ठी घेऊन आला. बाहेर बैलगाडीत चार-पाच दोस्त वाट पाहत होते. पोट फार दुखतं म्हणाला. बाईंनी चिठ्ठी हुंगली, त्याला बाकावर बसवलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, "इतकं दुखते तं घरी कायले जाता? पहिला डोस इथंच घ्या." आणि त्याच्यासमोर कपात एरंडेल ओतायला लागल्या. माणूस उठला तो टोपी बाकावरच ठेवून गेला. ती टोपी बाईंनी खुंटीला टांगून ठेवली आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिल्या, "तुमच्या ओळखीच्या कोणाचं पोट दुखते काय?"

मी हसायचे. पण एकदा दूरच्या गावचा एक माणूस वेदनेच्या इंजेक्शनांची चिठ्ठी घेऊन आला. आकडा बदललेला मलासुद्धा दिसला. बाईंनी त्याला काही दिलं नाही, पण त्याच्या शेजारी बाकावर बसल्या, त्याच्या अस्तनीखालचे सुईचे व्रण पाहिले, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. शेवटी डॉक्टरांना बोलावून त्याला नागपूरच्या दवाखान्यात धाडायची सोय केली. त्या दिवशी मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, खोटी चिठ्ठी आणणारा दरवेळी चोर नसते. कधी कधी तो पेशंटच असते. आजार तेवढा चिठ्ठीवर लिहिलेला नसते."

आता त्या रविवारची गोष्ट सांगते. त्यासाठी सुमनबद्दल थोडं सांगायला हवं.

सुमन माझ्या मॅट्रिकच्या वर्गात होती. गावाबाहेरच्या एका मोठ्या शेतकऱ्याची, सगळे ज्यांना पाटील म्हणत त्यांची, एकुलती मुलगी. आई लहानपणीच वारलेली. पाटलांच्या थोरल्या बहिणीनं, विधवा आत्याबाईंनी, तिला वाढवलं होतं. मुलगी हुशार, आणि अक्षर तर असं की फळ्यावर माझ्याऐवजी मी तिलाच लिहायला लावी. तिकडच्या मुली 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे काढत. मी मराठी वळणाचे काढायला शिकवायची, आणि सगळ्या वर्गात ते सुमननं एकटीनं उचलले होते. परीक्षा दोन आठवड्यांवर असताना सुमनचं शाळेत येणं बंद झालं. मी घरी गेले. दारातच आत्याबाईंनी सांगितलं, लग्न ठरलं, उमरखेडचं घर आहे, तिथी परीक्षेतच येते, तेव्हा आता शाळा पुरे. सुमन आतल्या दाराशी उभी होती. माझ्याकडे पाहत होती.

त्या रविवारी सकाळी मी दुकानात वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाटलांचा जुना गडी किसन चिठ्ठी घेऊन आला. बाईंनी ती हुंगली. मग पुन्हा हुंगली. मग वाचली, आणि वाचताना त्यांचा चेहरा असा झाला की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बस किसना," त्या म्हणाल्या.

किसन बसला. अगदी आरामात, पाय वर घेऊन बसला.

"कोणाले झोप नाही येत बापा?"

"आत्याबाईले म्हणते."

"कोण म्हणते?"

"सुमनबाईनं चिठ्ठी देल्ली. म्हणे, लवकर आण."

"अन् आत्याबाई काय करून राह्यल्या आता?"

"झोपल्या हायेत," किसन म्हणाला. "न्याहारी झाली की त्या घोरते. इतक्या घोरते की गोठ्यातली म्हैस दचकते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. कागद डॉक्टरांच्याच पॅडचा होता, वर छापील नाव, खाली सही. झोपेच्या गोळ्या लिहिल्या होत्या, आणि त्या किती, ते पाहून मी औषधातली नसूनही चमकले. खाली मराठीत लिहिलं होतं, 'रात्री झोपताना कोमट दुधातून द्यावी.'

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "या चिठ्ठीत एकही चूक नाही. डॉक्टरनं जिंदगीत 'रात्री'ले दीर्घ वेलांटी देल्ली नाही. पेशंटचं नावही त्याईनं कधी पुरं लिहिलं नाही, 'पाटलाची बहीण' लिहितात. हे कोण हाय इतकं शुद्ध लिहिणारं?"

मी 'ल' पाहिला. मराठी वळणाचा, पोटात गाठ घातलेला.

"सुमन," मी म्हणाले. "हे सुमनचं अक्षर आहे."

एक मुलगी, मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, आणि झोपेच्या गोळ्या. आम्हा दोघींच्या मनात एकच गोष्ट आली आणि दोघींनी ती उच्चारली नाही. बाईंनी 'विष' असं लाल अक्षरांत लिहिलेलं कपाट एकदा ओढून पाहिलं. कुलूप होतं. किल्ली कमरेला होती.

"किसना, औषध बनवाचं हाय. वेळ लागते. तू चहा घे."

रस्त्यापलीकडे डॉक्टरांचं घर. मी चिठ्ठी घेऊन धावत गेले. डॉक्टरांनी ती पाहिली, पॅड उघडलं, मधलं पान फाटलेलं सापडलं. आठवड्यापूर्वी आत्याबाईंच्या गुडघ्याच्या मलमासाठी सुमन येऊन गेली होती. डॉक्टर संतापले. माझ्याबरोबरच दुकानात आले, आणि फौजदाराला बोलवा म्हणू लागले.

"बोलवू," बाई म्हणाल्या. "बोलवायचं असलं तं उद्या बोलवू. गोळ्या माह्या कपाटात हायेत, त्या कोठी पळून जात नाही. तुम्ही या कागदावर लिहून द्या की हे तुमची चिठ्ठी नोहे. तो कागद माह्यापाशी राहते. पण आज मले पाहू द्या, पेशंट कोण हाय ते."

डॉक्टरांनी लिहून दिलं. बाईंनी कागद कपाटात टाकला, कुलूप लावलं, छत्री घेतली. "चला मास्तरीणबाई."

किसन पुढे, आम्ही मागे. पाटलांच्या घरात बाई कधीच गेल्या नव्हत्या. त्या घरचं औषध गडी घेऊन जाई. फाटकाशी आल्यावर किसन घुटमळला, मागे वळून बाईंकडे पाहू लागला. त्यांनी छत्रीनं पुढचा रस्ता दाखवला. "चाल."

ओसरीवर, बंगईवर म्हणजे झोपाळ्यावर, आत्याबाई नुकत्याच उठून बसल्या होत्या. जाड, गोऱ्या, कपाळ मोकळं. त्यांनी दवाईबाईंना पाहिलं आणि पदर सावरला.

"दवाईबाई? तुमी इकडं कायले?"

"तुमाले झोप नाही येत म्हणते."

"मले?" आत्याबाई हसायला लागल्या. "कोण म्हणते?"

"हात द्या," बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी श्वास ओढला. आत्याबाईंनी क्षणभर त्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं आणि मग आपलं मनगट त्यात ठेवलं. बाई नाडी मोजत उभ्या राहिल्या. बराच वेळ. पायऱ्या चढताना दम लागतो का? लागतो. पायाला सूज येते का? संध्याकाळी येते. झोपेत मध्येच गुदमरून जाग येते का? आत्याबाईंचं हसू हळूहळू गेलं. "येते. तुमाले कसं मालूम?"

"उद्या डॉक्टरले इथं घेऊन येतो. आता पोरीले बोलवा. तिच्याशी बोलाचं हाय."

सुमन आली. मला पाहून थबकली. बाईंनी तिला धान्याच्या खोलीत नेलं, मला आत घेतलं आणि दार लोटलं. तुरीच्या पोत्यांमध्ये आम्ही तिघी. बाईंनी आवाज चढवला नाही.

"गोळ्या कोणासाठी?"

मी तिचा हात धरला. "स्वतःसाठी का गं?"

"नाही!" ती एकदम म्हणाली. "माह्यासाठी कायले? मले तं पेपर द्यायचा हाय."



मग सगळं भडाभडा बाहेर आलं. परीक्षा यवतमाळला. सकाळची छोटी रेल्वे गाठायची. बाबा त्या वेळी वावरात असतात, पण आत्या खोलीच्या दारातच खाट टाकून निजते, तिची झोप पहाटेच मोडते. पहिल्या पेपराच्या दिवशी आत्या जरा उशिरापर्यंत झोपली की झालं, पुढचं पुढे. हॉल तिकीट तिनं भांड्यांमागे लपवलं होतं, वाटेत खायला दशम्या करायचं ठरवलं होतं. एवढी तयारी! मला रडू येत होतं आणि हसूही.

"अन् गोळ्या किती देणार होती?" बाईंनी विचारलं.

"लवकर उठू नये म्हणून... जास्त."

"एकदम? दुधात?"

सुमननं मान डोलावली.

बाई तिच्यासमोर एका पोत्यावर बसल्या. "ऐक. तुही आत्या घोरते, तिचा श्वास झोपेत अडते. छाती कमजोर हाय. तितक्या गोळ्या त्या बाईच्या पोटात गेल्या असत्या तं ते सकाळी उठली नसती. दुपारीही नाही. कधीच नाही. तुहा पेपर चालू असता अन् इकडं..." त्या थांबल्या.

सुमन भिंतीला टेकली आणि खाली बसली. आवाज न करता रडत होती. मला वाटलं, आता बाई तिला जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"पेपर द्याले पाहिजे हे तुहं खरं हाय," त्या म्हणाल्या. "ते एकच खरं हाय, बाकी सारं खोटं. मी तुह्या बापाले सांगत नाही. फौजदारालेही आज कोणी सांगत नाही. पण ज्या बाईचं नाव तू चिठ्ठीवर लिहिलं, तिले तू सांगाचं. आत्ता. तुह्या तोंडानं."

सुमन उठली. त्या दारापर्यंतच्या वाटेवर मी तिच्यासाठी जेवढी घाबरले तेवढी स्वतःसाठी कधी घाबरले नाही. ती ओसरीवर गेली, बंगईच्या साखळीला धरून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, गोळ्या, दूध, गाडी, काही वगळलं नाही. शेवटचं वाक्य असं होतं, "दवाईबाई नसत्या तं तू मेली असती आत्या, अन् मले मालूमही नव्हतं."

तेवढ्यात पाटील वावरातून आले. दारात आम्हाला पाहून ते काही विचारणार, तोच आत्याबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मले मारून टाकत होती काय वं?" आत्याबाई भाचीला म्हणाल्या. आवाज विचित्र होता.

"झोपवत होती फक्त."

"इतकी मोठी हाय ते परीक्षा?"

सुमननं मान डोलावली.

बंगई हलत होती ती आत्याबाईंनी पायानं थांबवली. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाऊ," त्या पाटलांना म्हणाल्या, "तू मले काय काम देल्लं? पोरीची राखण कर, म्हणला. हो नं?"

"हो," पाटील गोंधळून म्हणाले.

"राखणच कराची हाय नं? मंग मी यवतमाळले करतो. पेपरले मी घेऊन जातो तिले."

"अन् लग्न?"

"लग्न म्हणजे काही पेरणी नोहे, वाफसा गेला की गेली. पुढची तिथी पाह्य."

"उमरखेडचे पाहुणे काय म्हणतील?"

"त्याईले मी सांगतो. तुले भेव लागत असलं तं तू वावरात जा."

मी तोवर दवाईबाईंकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. एखादं अवघड मिश्रण न फाटता जमून आलं की त्यांचा चेहरा होई तसा झाला होता. पाटलांनी त्यांना विचारलं, "बाई, हे सारं काय हाय?" तर म्हणाल्या, "औषध देऊन झालं. लागू पडलं."

दुसऱ्या दिवशी बाई खरंच डॉक्टरांना घेऊन गेल्या. आत्याबाईंच्या छातीचा आजार तेव्हा सापडला. आणखी वर्षभर कुणाचं लक्ष गेलं नसतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं. त्यांनी खरी चिठ्ठी लिहिली, तपकिरीसकट आणि चुकांसकट. फौजदाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मात्र पॅड त्या दिवसापासून खणात, कुलपात गेलं. उमरखेडचे पाहुणे थोडे फुगले. मग नवऱ्या मुलानं स्वतःच निरोप धाडला, परीक्षा होऊ द्या, मी मॅट्रिकला दोनदा बसलो होतो, मला त्यातलं दुःख माहीत आहे. तो निरोप ऐकून सुमन त्या लग्नाला पहिल्यांदा मनापासून हो म्हणाली.

परीक्षेचे सगळे दिवस आत्याबाई यवतमाळला केंद्राबाहेर कडुलिंबाखाली सतरंजी टाकून बसल्या. त्यांच्याभोवती इतर मुलींच्या आया जमत. पेपर सुटला की आत्याबाई आधी विचारत, "सारं लिहिलं?" आणि मग डबा उघडत. एका पर्यवेक्षकानं त्यांना घोरू नका अशी विनंती केली म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही. शेवटच्या पेपराला दवाईबाईही गेल्या होत्या. छत्री घेऊन कंपाउंडबाहेर उभ्या राहिल्या, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "बाहेरच्या बाया आतल्या पोरींपेक्षा जास्त घाबरते."

निकाल जूनमध्ये आला. मी वर्तमानपत्रात नंबर शोधला. सुमनचा नंबर पहिल्या वर्गात होता. मी जिन्यावरून ओरडतच खाली आले. बाई चूर्णाच्या पुड्या बांधत होत्या. त्यांनी नंबर स्वतः वाचला, मग पुन्हा वाचला आणि पुडी बांधायला घेतली. पण दोरा उलटा गुंडाळला जात होता.

दुपारी बाजारात बँड वाजायला लागला. जूनमध्ये कुणाचं लग्न, म्हणून लोक दुकानांतून बाहेर आले. तो पाटलांचा बँड होता. लग्नासाठी आधीच ठरवून ठेवला होता, तिथी पुढे गेली, आणि बँडवाले ठरलेली बोली सोडायला तयार नव्हते. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, मंग आज वाजवा. लाल अंगरखे घातलेली ती माणसं वरातीची चाल वाजवत पुढे, मागे दमणी म्हणजे छोटी बैलगाडी, तिच्यात आत्याबाई आणि नऊवारी नेसलेली सुमन, आणि मागे आमच्या शाळेच्या मुलींची रांग. दारव्ह्यात मुलगी मॅट्रिक झाली म्हणून वरात निघाली होती. पाटील दमणीबरोबर चालत होते, आणि लोक अभिनंदन करत तेव्हा जणू हे सगळं त्यांनीच ठरवलं होतं अशा ऐटीत मान हलवत होते.

दमणी दवाईबाईंच्या दुकानासमोर थांबली. आत्याबाई दम घेत खाली उतरल्या, पायऱ्या चढल्या आणि पेढा काढून भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, सरळ बाईंच्या तोंडात घातला. बाईंनी अर्धा चावला. उरलेला अर्धा आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडात टाकला. समोरचा कापडवाला पाहत होता, डॉक्टर पाहत होते, सगळा रस्ता पाहत होता. सुमन वाकून बाईंच्या पाया पडली तेव्हा बाईंनी तिला उचलून उभं केलं आणि, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, छातीशी धरलं.

मग त्या काउंटरमागून बाहेर आल्या. दुकान तसंच उघडं टाकलं आणि पायऱ्या उतरून बँडच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. बँडमास्तरनं क्लॅरिनेट तोंडातून काढून विचारलं, "बाई, कुठवर वाजवायचं?"

"गाव सरेपर्यंत," बाई म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.